गयाकाकूंची दिवसाची लाइट

गयाकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो तसला, जाड चामड्याचा, खिळ्यांची टोकं बाहेर आलेली. देवळासमोरच्या मांडवात ग्रामसभा भरली होती. बायकांच्या घोळक्यात ही उंच, हाडकुळी, पन्नाशी उलटलेली बाई ताठ मानेनं बसली होती. खिळ्यांत अडकू नये म्हणून पदर डोक्यावर न घेता कमरेला खोचलेला. मी टक लावून बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"बघताय काय सायेब? आमच्या गावातला दागिना हाय ह्यो. पोरानं घडवून दिलाय."

कुणी हसलं नाही. मग मी नीट पाहिलं, तर आणखीही काहीजणींच्या गळ्यात तसले पट्टे होते.

मी मूळचा दौंडचा. वडील रेल्वेत, लहानपण सगळं रेल्वे कॉलनीत गेलं. डिप्लोमा झाल्यावर कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत काही वर्षं शिफ्टमध्ये काढली आणि मग सोलरची कामं घेणाऱ्या एका कंपनीत साइट सुपरवायझर म्हणून लागलो. गावाच्या गायरानावर पॅनल उभे करायचे, त्यांची वीज जवळच्या सबस्टेशनला जोडायची आणि त्यावर शेतीच्या मोटारी दिवसा चालवायच्या, असं ते काम. शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या अंगाला असलेलं हे माझं पहिलं गाव. ग्रामसभेचा ठराव मिळाला तर काम सुरू होणार होतं.

दौंड-शिरूरकडचं ऊन मला नवं नव्हतं. त्या गावात नवी होती ती भीती. शेतीला वीज एक आठवडा दिवसा मिळे आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात माणसं बॅटरी घेऊन उसात दारं धरायला, म्हणजे सऱ्यांना पाणी द्यायला, जात, आणि उसात बिबट्या होता. गावात त्याला बिबट्या कुणी म्हणत नसे, वाघच म्हणत. सरीला पाणी वळवणारं माणूस सारखं खाली वाकतं, बसतं. वाकलेलं माणूस त्याला शेळी-कुत्र्यासारखं दिसतं आणि तो मान धरतो, असं सगळे सांगत; गळ्यातले पट्टे त्यासाठीच.

काकूंची धाकटी जाऊ पार्वती अशीच गेली होती. काकूंचे यजमान दम्यानं घरीच असत, दोघींचे मुलगे रांजणगावला कंपनीत, धाकटा दीर ट्रकवर. त्यामुळं पाण्याची पाळी दोघी जावांवरच होती. ती हकीकत काकूंनी मला पुढं एकदाच सांगितली, तीही दोन वाक्यांत. "तिनं हाक मारली न्हाई रं. मी पलीकडच्या सरीत व्हते, मला वाटलं पानी फुटलंय, बांध घालतीया म्हनून गप झाली आसंल."

त्या दिवशी ग्रामसभेत मी नकाशा उघडून बोलायला लागलो. मेगावॅट, फीडर, सबस्टेशन. लोक चुळबुळ करायला लागले तशा काकू उभ्या राहिल्या.

"त्ये ऱ्हाऊ द्या. मला एकच सांगा. लाइट दिवसा येनार का न्हाई?"

"येणार, काकू."

"बारा म्हैने?"

"पावसाळ्यात थोडी कमी-जास्त. पण दिवसाच."

त्या मांडवाकडं वळल्या. "मग इचारायचं काय ऱ्हायलं? वाघाला ऊन सोसत न्हाई. उन्हात त्यो हालत न्हाई. दिवसा पानी धरलं तर आपलं मानूस सांजच्याला घरी येतंय. गायरान देऊन टाका."

बहुतेक हात वर झाले. एक हात मात्र खालीच राहिला. तो भिवामामांचा. भिवामामा धनगर होते, सत्तरीचे, पांढरंशुभ्र पागोटं आणि खांद्यावर घोंगडी. त्यांची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या त्याच गायरानावर चरत आली होती. ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "गयाबाई, कुंपान घालाल. आत गवत माजंल. मेंढरू आत जानार न्हाई, मानूस आत जानार न्हाई. मग आत कोन जाईल?"

"कोन बी जाईना मामा," काकू म्हणाल्या, "वर ऊन हाय."

सभा संपल्यावर मात्र काकू माझ्याजवळ आल्या. "सायेब, काचांच्या खाली मामाची मेंढरं सोडाल ना? गवत खातील आन् म्हाताऱ्याचंबी भागंल." मला ते पटलं. मी पुण्याच्या ऑफिसला फोन केला, मेल केला, प्रत्यक्ष जाऊनही सांगून आलो. उत्तर आलं की केबल उघड्या आहेत, जनावरांना आत प्रवेश नाही. काकूंना मी ते सांगितलं. मग त्या स्वतःच भिवामामांच्या मेंढवाड्यावर गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. दिवाळीच्या आत मामांनी वाडा उठवला आणि मेंढरं घेऊन ते वरवंडच्या बाजूला, मुलीच्या गावाकडं निघून गेले. काकू वेशीपर्यंत पोचवायला गेल्या होत्या, एवढं मला गावातल्यांनी सांगितलं.

काम सुरू झालं आणि काकूंची व माझी खरी ओळख झाली. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. पहिल्या आठवड्यात मी 'सायेब' होतो, मग 'दौंडकर' झालो आणि तेच राहिलो. रोज साइटवर येऊन त्या खड्डे किती झाले, खांब किती उभे राहिले ते बघत. येताना फडक्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा. मी ठेच्यानं हाशहुश करायला लागलो की म्हणत, "रेल्वेच्या गावचं मानूस तू. तुला रुळावरनं चालायची सवय, रानातली न्हाई." खांब रोवणाऱ्या बिहारी पोरांशी त्या मराठीतच बोलत आणि ती पोरं हिंदीत उत्तरं देत. दोघांचं कुठं अडत नसे.

त्यांच्या बोलण्यात घरच्या घरी घडवलेल्या म्हणी फार. कुणी कामाला उशीर केला की, "उजाडल्यावर झोपायचं आसंल तर रातीला काय करशील?" वीज खात्याच्या साहेबानं तारीख पुढं ढकलली की, "रातीचं पानी आन् सायबाचा शबूद, दोन्ही कुठं मुरत्यात कळत न्हाई." पण एक वाक्य त्या सारखं म्हणत, प्रत्येक वेळी तितक्याच ठामपणे: "दिवस आपला हाय." रात्र कुणाची, ते त्या सांगत नसत.

प्लांट चालू झाला तो दिवस मला लख्ख आठवतो. उन्हाळा तोंडावर आला होता. सकाळची उन्हं चढली आणि काकूंच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली. काकू बांधावर उभ्या राहून पाण्याकडं बघत होत्या. पाइपातून पडणारं पाणी, सरीतून पुढं सरकणारं पाणी, सगळं स्पष्ट दिसत होतं. "माझ्या लग्नापासनं ह्या रानाला पानी देतीये," त्या म्हणाल्या, "पर त्ये मुरताना आसं निवांत आज बघितलं." त्यांनी गळ्यातला पट्टा काढला. मान चोळली. मानेवर काळसर वळ पडला होता.

त्या वर्षी गाव रात्री झोपलं. ऐकायला साधं वाटेल, पण त्या गावानं किती वर्षांनी असं अंग टाकलं होतं ते तिथल्यांनाच ठाऊक. लोक काकूंना मानायला लागले. ग्रामपंचायतीत त्यांचा शब्द विचारला जाऊ लागला. प्लांटमध्ये पॅनल धुवायला आणि गवत कापायला बायका लागत, त्याची मुकादमकीही आपोआप त्यांच्याकडं आली. लांब दांड्याचे वायपर घेऊन बायकांची रांग निघाली की काकू मागून सूचना देत, "आरसा पुसताय गं, तवा न्हाई घासत." पार्वतीची सून सोनाली तेव्हा नवीनच त्या घरात आली होती. तिला काकूंनी स्वतः कामाला आणलं. सोनालीच्या माहेरची माणसं कां-कू करत होती. काकूंनी त्यांना ओसरीवर बसवून सांगितलं, "दिवसाचं काम हाय. घराजवळ हाय. चारी बाजूनं तारेचं कुंपान हाय. पोरगी माझ्या नजरेखाली ऱ्हाईल."

दुसरा पावसाळा चांगला झाला. पॅनल धुतल्याचं पाणी खाली मुरत होतंच, त्यात पाऊस. पॅनलच्या ओळींमध्ये गवत गुडघ्याला लागलं, मग मांडीला. गवत कापायचा ठेका कंपनीनं दुसऱ्याच एका ठेकेदाराला दिला होता आणि तो बायकांना वेळेवर कामाला बोलावत नव्हता. मी लिहून-लिहून थकलो. पॅनलच्या खाली भर दुपारी गार सावली असे. तिथं ससे आले, तितर आले, मोर आले. काकूंना कौतुक वाटे. "बघ दौंडकर, माळ व्हता तवा इथं सरडा दिसत नव्हता."

मग एक दिवस तितर ओरडायचे थांबले.

हे मला तेव्हा जाणवलं नाही. नंतर मागं वळून पाहताना जाणवलं. आधी प्लांटवरचा कुत्रा गेला. संतोष म्हणून बिहारचा वॉचमन होता, त्यानं तो पाळला होता. एक दिवस तो दिसेना, संतोष हाका मारत कुंपणाभोवती फिरला. मग ओढ्याच्या कडेला तारेच्या खाली माती उकरल्यासारखी दिसली. कोल्हा असेल, म्हणून आम्ही दगड लावून टाकले. आठवड्यानं दगड बाजूला झालेले होते. संतोष सगळ्यात मागच्या ओळींकडं जायला टाळू लागला. एकदा काकूंना म्हणाला, "चाची, उधर कुछ है. मुझे लगता है कोई देख रहा है."

"उन्हाचं? येडा का खुळा तू," काकू म्हणाल्या. "उन्हाचं कोन बसतंय तिथं?"

"छाँव में, चाची."

काकूंनी त्याच्याकडं पाहिलं आणि त्या पुढं गेल्या. त्याच सुमाराला बायकांना मागच्या ओळीत पॅनलखाली करडाची हाडं सापडली. काकूंनी वायपरच्या दांड्यानं ती बाजूला सारली. "कुत्र्यानं आनली आसत्याल." कुत्रा तर केव्हाच गेला होता. मी तसं म्हणालो, तर त्या एकदम चिडल्या. त्यांना चिडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "दौंडकर, तू बी आता गावाला घाबरवायला लाग. मोठ्या मुश्किलीनं लोकं निजायला लागल्यात."

मी वनखात्याला कळवलं. माणूस येऊन बघून गेला, कोरड्या मातीत ठसा सापडला नाही. ऑफिसनं कॅमेरे तपासले. कॅमेरे गेटवर आणि इन्व्हर्टरच्या खोलीवर होते, गवताकडं एकही नव्हता. त्यांत काही दिसलं नाही, म्हणून काही नाही, असं ठरलं.

आणि मग वरून तपासणी येणार असल्याचा निरोप आला. ठेकेदाराचा फोन आला, दोन दिवसांत सगळं गवत कापून हवं. बायका विळे घेऊन आल्या. दसऱ्याच्या अलीकडचे दिवस, आभाळ स्वच्छ, ऊन कडक. दुपारच्या जेवणाच्या आधीची वेळ होती. सगळ्याजणी मागच्या ओळींत बसून गवत कापत पुढं सरकत होत्या. मी इन्व्हर्टरच्या खोलीच्या दारात उभा होतो. बायकांचं बोलणं, मधूनच हसणं ऐकू येत होतं. ते एकाएकी बंद झालं. आणि मग फक्त गवताचा आवाज आला, जोरात काही ओढत नेल्यासारखा.

मी धावलो, पण काकू माझ्या आधी पोचल्या होत्या. मला दिसलं ते असं: सोनाली पालथी पडली होती, तिच्या खांद्याच्या मागं जनावराचं डोकं होतं आणि काकू दोन्ही हातांनी वायपरचा दांडा धरून त्याच्या पाठीवर घालत होत्या. ओरडत नव्हत्या. तोंड घट्ट मिटलेलं होतं. मी आणि संतोषनं दगड उचलले. एका क्षणी जनावरानं सोनालीला सोडलं आणि ते पॅनलखाली शिरलं. घाईनंही नाही. दोन ओळी पलीकडं जाऊन थांबलं, वळून बघितलं. त्याच्या मागं गवतात लहानसं काहीतरी हललं. पिल्लं होती.

पिकअपमध्ये सोनालीला घालून आम्ही शिरूरला निघालो. काकूंनी आपलं लुगडं फाडून तिच्या खांद्याला आवळून धरलं होतं. सोनाली शुद्धीवर होती आणि पाणी मागत होती. काकू समोर, रस्त्याकडं बघत होत्या. काचेतून ऊन सरळ त्यांच्या तोंडावर येत होतं. शिरूरच्या अलीकडं त्या पहिल्यांदा बोलल्या.

"ऊन व्हतं रं, दौंडकर."

मी गाडीचा वेग वाढवला.

सोनाली वाचली. खांद्याला टाके पडले, पुढं पुण्याला आणखी एक ऑपरेशन झालं. डावा हात तिला अजून डोक्याच्या वर नेता येत नाही. पण ती वाचली, आणि हे दवाखान्यात कळेपर्यंत इकडं गावात माणसं जमली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दगड भरून ती प्लांटच्या गेटवर आली. पहिल्या ओळीच्या काही काचा फुटल्या. त्या आवाजात काकू दवाखान्यातून परतल्या, अंगावर रक्ताळलेलं लुगडं तसंच. लोकांनी त्यांना वाट दिली. त्यांना वाटलं, आता काकूच पहिला दगड उचलतील.

काकू ट्रॉलीवर चढल्या. "मी म्हनले व्हते वाघाला ऊन सोसत न्हाई. मी सांगितलं म्हनून तुमी गायरान दिलं. मी चुकले. पोरीला मीच आनलं इथं." त्या थांबल्या. "पर काचा फोडून त्यो जानार हाय का? त्यो हाय तिथंच ऱ्हाईल. आन् उद्यापासनं आपन परत रातीचं उसात जाऊ. फोडायच्या आसल्या तर फोडा. मी आडवत न्हाई." आणि त्या खाली उतरून घरी गेल्या.

लोक बराच वेळ तिथंच घुटमळले. मग एकेक करून ट्रॉलीतले दगड तिथंच ओतून निघून गेले. तो ढीग पुढं कितीतरी दिवस गेटजवळ पडून होता.

वनखात्यानं पिंजरे लावले. एक बिबट्या सापडला, तो नर निघाला. पिल्लांची आई सापडली नाही. कंपनीनं यंत्र लावून एकदा सगळं गवत काढलं आणि कुंपणाच्या खालून काँक्रीटची पट्टी घातली. गवत पुन्हा वाढणार हे सगळ्यांनाच दिसत होतं. काकूंनी काहीतरी मनाशी ठरवलं. एका सकाळी माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "मला वरवंडाकडं सोड. भिवामामाला भेटायचंय."

मोटरसायकलवर आम्ही गेलो. न्हावऱ्यावरून खाली उतरून, भीमा ओलांडून, केडगाव चौफुल्याच्या हायवेला लागून वरवंड. वाटेत दुतर्फा ऊस. काकू मागं बसून सारख्या उसाकडं बघत होत्या. मामांच्या मुलीचं घर हायवेपासून थोडं आत होतं. मामा अंगणात खाटेवर बसले होते. अंगावर घोंगडीऐवजी निळा युनिफॉर्मचा शर्ट. कुरकुंभच्या एका कंपनीत ते गेटवर वॉचमन म्हणून बसत होते.

काकूंनी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसकण मारली. "मामा, तुमी म्हनला व्हता तसंच झालं. मेंढरं घेऊन परत या. आता मी बघते कंपनी कशी न्हाई म्हनती ती. सगळं गाव उभं करते. गवताला मेंढरं पायजेत."

मामांनी तंबाखू मळली. त्यांना राग आलेला दिसला नाही. "मेंढरं कुठली आता, गयाबाई? इकडं चराई न्हाई. पह्यल्या उन्हाळ्यात निम्मी इकली, दुसऱ्याला राहिल्याली. कुत्रीबी दिऊन टाकली." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पोरगी बरी हाय का?"

"हाय."

"मग झालं तर."

त्यांच्या लेकीनं चहा दिला. काकूंनी कप हातात तसाच धरून ठेवला. निघताना मामा रस्त्यापर्यंत आले आणि म्हणाले, "आत जानाऱ्याला बसू दिऊ नगा. उभ्यानं काम करायला लावा. बोलत ऱ्हावा म्हनावं." काकूंनी मान हलवली.

तेव्हापासून काकू स्वतः प्लांटवर उभ्या राहू लागल्या. मुकादम म्हणून नव्हे, ती जागा त्यांनी सोडली होती. नुसत्याच. बायका कामाला आल्या की या त्यांच्या पुढं चालत, गवतावर दांडा आपटत. सुताराकडून विळ्यांना लांब दांडे बसवून घेतले होते, कुणाला खाली बसू देत नसत. कुणी गप्प झालं की विचारत, "काय गं, बोल की कायतरी. काल काय कालवन केलंवतंस?" बायका आधी हसायच्या. मग त्यांनाही सवय झाली. काकूंच्या जुन्या म्हणी मात्र मी पुन्हा ऐकल्या नाहीत. 'दिवस आपला हाय' हे वाक्य त्यांच्या तोंडी परत कधी आलं नाही.

वर्षभरात माझी बदली झाली. माझ्याच तालुक्यात, दौंडच्या पूर्वेला माळावर नवा प्लांट उभा राहिला होता, आधीच्यापेक्षा कितीतरी मोठा. एका कडेला ओढा, पलीकडं ऊस. मी निरोप घ्यायला गेलो. काकू ओसरीवर शेंगा फोडत होत्या, शेजारी सोनाली.

"तिथं गवत कोन कापनार हाय?" त्यांनी विचारलं.

"तिथल्या वस्तीवरच्या बायका."

"त्यास्नी ठावं हाय का?"

मी म्हणालो, त्या भागात अजून कुणी काही पाहिलेलं नाही. काकूंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "कवा लावनार कापायला, त्ये मला कळव."

मी कळवलं. काकू एसटी बदलत-बदलत आल्या, सोबत सोनाली. सकाळी गेटसमोर बायका जमल्या होत्या. ठेकेदाराचा माणूसही होता. काकूंनी पाल्हाळ लावलं नाही. सोनालीच्या खांद्यावरचा पदर बाजूला केला आणि बायकांना बघू दिलं. "दुपारचं झालंय ह्ये. कडक ऊन व्हतं. कुंपानाच्या आत." ठेकेदाराचा माणूस माझ्या अंगावर आला, "हिला कुणी आणलं इथं?" मी म्हणालो, मी आणलं.

काही बायका तिथूनच घरी परतल्या. बाकीच्या उभ्या राहिल्या. त्यांतली एक म्हातारी काकूंना म्हणाली, "बाई, तुमचं खरं आसंल. पर दिवसाचं काम हाय, घराजवळ हाय." काकूंनी तिच्याकडं पाहिलं आणि सोनालीचा पदर नीट केला. मग म्हणाल्या, "चला मंग. म्होरं मी हुते." आणि त्या परक्या गावात, परक्या बायकांच्या पुढं, गवतावर दांडा आपटत त्या दिवस मावळेपर्यंत चालत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. दौंडला माझ्या आईकडं त्या दोघी मुक्कामाला होत्या. गवत संपलं तेव्हाच परत गेल्या.

त्या थंडीत काकूंना ताप आला. न्यूमोनियावर गेला. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. सोनालीनं उजव्या हातानं मला पाण्याचा तांब्या दिला. घराच्या मागं दिवसाच्या लाइटीवर मोटर चालू होती.

यंदा पाऊस पुन्हा चांगला झाला. पंधरवड्यापूर्वी संतोष, तो आता माझ्याबरोबर इकडंच असतो, मागच्या ओळींकडं जायला नको म्हणाला. मी वनखात्याला कळवलंय, ऑफिसलाही लिहिलंय. परवा ठेकेदारानं बायका पाठवल्या. त्या गेटपाशी येऊन थांबल्या, आत कुणी येईना. ती म्हातारी पुढं झाली.

"त्या बाई न्हाई आल्या व्हय?"

"वारल्या त्या," मी म्हणालो.

बायका एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. मग म्हातारीनं पदर खोचला. "ऐका गं. बसायचं न्हाई कुनी," ती म्हणाली, "आन् बोलत ऱ्हायचं." त्या निघाल्या. मी खोलीतून वायपरचा दांडा घेतला आणि त्यांच्या पुढं गेलो. ऊन चांगलं तापलं होतं. गवत माझ्या कमरेच्या वर लागत होतं.